पालीच्या शेपटीचं माझं चुकलं

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर बाबांच्या लिव्हरमधल्या गाठींच्या ऑपरेशनचं बोलताना मी तुला म्हणाले, "लिव्हर पालीच्या शेपटीसारखं असतं, कापलं की परत येतं." ते मागे घेते. तू तेवढ्यावर निश्चिंत झालीस, पण बाबांनी मागून विचारलं, "मग आत्ताच का कापत नाहीत? पाच आठवडे कसली वाट बघतायत?" प्रश्न बरोबर होता, माझं उदाहरणच चुकीचं होतं. फोनवर आपण तिघं एकदम बोलतो, म्हणून लिहितेय. शिवाय पत्रावर बाबांना लाल पेन्सिलीने खुणा करता येतात.

शेपूट तुटते तिथेच नवी फुटते. यकृताचं तसं नाही. काढलेला भाग कायमचा गेला, त्या जागी पुन्हा काही उगवत नाही. जे उरतं त्याच्याच पेशी विभागत जातात, ते वाढतं आणि सगळं काम अंगावर घेतं. वजन बरंचसं पहिल्यासारखं होतं, आकार मात्र भलताच. पुढे कधी सोनोग्राफीत कुणी "हे असं वेडंवाकडं कसं?" म्हणालं तर दचकू नका.

बाबा, आता तुमचे आकडे. क्विनो नावाच्या फ्रेंच सर्जनने १९५० च्या दशकात यकृताचे ८ भाग पाडून दाखवले. प्रत्येकाची रक्ताची आणि पित्ताची फांदी वेगळी, म्हणून एक काढला तरी शेजारच्याचं अडत नाही. तुमच्या बहुतेक गाठी उजवीकडे आहेत, पण एक चौथ्या भागात सापडली. म्हणून ४ ते ८ काढायचे. १, २ आणि ३ ठेवायचे. आठातले तीन म्हणजे साडेसदतीस टक्के, असा हिशेब तुम्ही एव्हाना मांडला असेल. पण हे भाग सारख्या मापाचे नसतात. त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर होतात तेव्हा मी आत स्क्रीनसमोर उभी होते. स्कॅनच्या एकेका चकतीवर उरणाऱ्या भागाची कड डॉक्टरबाई माउसने गिरवत होत्या, शाळेत आपण नकाशा गिरवायचो तशी. मध्येच हात हलला की पुसून पुन्हा. सगळ्या चकत्या संपल्यावर संगणकाने बेरीज केली, २३ टक्के.

निरोगी यकृत असतं तर २०-२५ टक्क्यांवर भागलं असतं. तुमच्या यकृताने आतड्याच्या ऑपरेशननंतरची केमो सोसलीय, त्याला निदान ३० तरी हवेत. सिरॉसिस (यकृत चट्टे पडून कडक होण्याचा आजार) असता तर ४० मागितले असते. २३ वर कापलं आणि उरलेल्याला भार झेपला नाही, तर माणूस टेबलावरून नीट बाहेर येतो आणि चार-सहा दिवसांनी कावीळ चढते, पोटात पाणी होतं. ते निस्तरणं फार अवघड.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ते 'बूच' मारलं. (तुमचाच शब्द. डॉक्टरांनाही आवडला.) यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून येतं, आतडी आणि स्वादुपिंडाकडून. सुईच्या वाटेने आत जाऊन तिच्या काढायच्या बाजूच्या फांद्या बंद केल्या. आता तो सगळा लोंढा डावीकडे वळलाय. यकृताच्या पेशी एरवी क्वचितच विभागतात, पण एवढं रक्त अंगावर आलं की त्यांना जाग येते. उजवी बाजू हळूहळू सुकते; तिची धमनी चालू असल्यामुळे ती सडत मात्र नाही. आई, तुला ही शंका होती ना?

१९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून पाहिलं होतं. आठ-दहा दिवसांत उरलेलं वाढून भरपाई झाली. बाबा, तुम्ही उंदीर नाही आणि तरुणही नाही. वयाबरोबर हा वेग मंदावतो, म्हणून पाच आठवडे.

तुमचा राग मला कळतो. पोटात गाठी ठेवून नुसतं बसायचं म्हणजे काय! आणि या काळात गाठी वाढूही शकतात, हे मी लपवणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये तेही बघणार आहेत. पण हे आठवडे वाया जात नाहीयेत. डावी बाजू आत्ता, तुम्ही धडधाकट असताना, वाढली तर ऑपरेशननंतरही वाढेल असा भरवसा धरता येतो. आत्ताच ढिम्म राहिली, तर ते पोट उघडण्याआधी कळलेलं बरं. मग दुसरा मार्ग काढतील.

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. पित्ताशयही काढतील, त्याची चौकशी नको. कापताना रक्त कमी जावं म्हणून यकृताकडे येणारा प्रवाह सुमारे पंधरा मिनिटं चिमट्याने थांबवतात, पाच मिनिटं सोडतात, पुन्हा थांबवतात. आई, बाहेर बसून घड्याळ बघशील तेव्हा वेळ लागतोय म्हणून घाबरू नकोस. वेळ त्यातच जातो.

नंतरचे काही दिवस रोज रक्त काढतील. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खाली येतात का, एवढंच आपण बघायचं. फॉस्फेट बहुधा घसरेल, या ऑपरेशननंतर ते घसरतंच, मग सलाइनमधून देतात. थकवा मात्र महिना-दोन महिने राहील. सगळ्यात जोरात वाढ पहिल्या काही आठवड्यांत होते, पुढची काही महिने रेंगाळत चालते. त्यामुळे आई, रोज सकाळी "आज किती वाढलं असेल हो?" असं विचारायचं नाही. डोळे पिवळे दिसले, ताप आला, बाबा अवेळी झोपाळले किंवा असंबद्ध बोलायला लागले तर मात्र मलाही न विचारता थेट डॉक्टरांना फोन. आणि 'लिव्हरसाठी चांगलं' म्हणून कुणी काहीही चूर्ण, टॉनिक आणून दिलं तर घ्यावं, आभार मानावेत आणि कपाटात ठेवून द्यावं. दुखण्यावरची साधी पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढीच.

स्कॅनच्या आदल्या रात्री मी येतेय. बाबा, पहिल्या स्कॅनची सीडी फाइलच्या मागच्या कप्प्यात आहे, ती काढून ठेवा. नवा आकडा आला की २३ शेजारी तुम्हीच लिहा, लाल पेन्सिलीने.

तुमची,
धाकटी