क्रेनवरच्या फाशीचा निषेध योग्यच

१२ डिसेंबर २०२२ रोजी इराणच्या मशहद शहरात मजीदरझा रहनवर्द या २३ वर्षांच्या सरकारविरोधी आंदोलक तरुणाला भर रस्त्यात क्रेनला लटकवून फाशी दिली गेली. अटक होऊन महिनाही उलटला नव्हता. क्रेनने वर उचललेल्या माणसाची मान लगेच मोडत नाही, तो गुदमरत मरतो. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय संसदेने आंदोलकांच्या अशा फाशींचा ठराव करून निषेध केला, ते योग्यच झाले. परक्यांच्या कारभारात नाक कशाला खुपसायचे, हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. आमच्या हिंडलगा तुरुंगातही फाशीचा खांब आहे. बेळगावकरांना हा विषय परका नाही. आपल्या खासदारांनी तो लोकसभेत मांडावा.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव