आधी संख्या, मग रीत

महोदय,

पाचवी-सहावीत अपूर्णांकांचं प्रकरण सुरू झालं की तोवर गणितात बरी असलेली मुलंही अडखळू लागतात आणि खापर त्यांच्या पाठांतरावर फुटतं. मला हे पटत नाही. अपूर्णांक ही एक संख्या आहे हे मनात ठसण्याआधीच आपण मुलांच्या हाती रीती देतो: लसावि काढा, समच्छेद करा, उलटा करून गुणा.

१/२ + १/३ = २/५ हे उत्तर गणिताच्या प्रत्येक शिक्षकाने तपासलेलं आहे. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. पण २/५ तर अर्ध्याहून लहान! अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल, हे मुलाला खटकतच नाही, कारण त्याच्या लेखी १/२ म्हणजे रेघेच्या वर-खाली लिहिलेले दोन वेगळे आकडे. १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो तोही त्यामुळेच. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्यायांत १, २, १९ आणि २१ होते. दोन्ही अपूर्णांक एकच्या अगदी जवळचे, म्हणजे उत्तर २. ते निवडलं फक्त २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून अधिक मुलं १९ किंवा २१ कडे गेली.

वर्तुळाचे चार भाग करून तीन रंगवणं सुरुवातीला ठीक. पण पुढे ७/५ आला की पाचातले सात भाग रंगवायचे कसे? तिथे संख्यारेषाच लागते. त्याआधी कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या द्याव्यात. अर्धा, पाव, अष्टमांश घडी घालून सहज होतात आणि पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की १/२, २/४, ४/८ यांच्या खुणा एका रेषेत येतात. तीन समान भाग करताना मात्र मुलं खरी धडपडतात. एक भाग हमखास मोठा राहतो, घडी मोडून पुन्हा घालावी लागते. ही धडपड होऊ द्यावी, कारण ‘समान भाग’ हे शब्द तिथेच अर्थाला येतात. भागाकाराचंही तसंच. ३ ÷ १/४ म्हणजे तीनमध्ये पाव किती वेळा मावतो, एवढं विचारलं तर बारा हे उत्तर मुलं पट्टीवर मोजून सांगतात. उलटा करून गुणायची रीत नंतर आली तरी चालते.

यात वेळ जातो आणि शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो, हे मान्य. म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी या प्रकरणाच्या तासिका वाढवाव्यात. प्रश्नपत्रिकेतही प्रत्येक बेरजेआधी ‘उत्तर एकपेक्षा मोठं येईल की लहान, का?’ असा एक गुणाचा प्रश्न ठेवावा.

— एक गणित शिक्षिका