गेटवरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ आणि वॉचमनमामांचा कापलेला पगार

दि. ३ मे २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
आपली गृहनिर्माण सोसायटी, जुळे सोलापूर

विषय : सायकलचोरीच्या रात्रीची चुकीची वेळ, वॉचमनमामांवरचा ठराव आणि कॅमेऱ्यांची सेटिंग करून घेण्याबाबत

अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार.

२६ एप्रिलच्या रविवारी बैठकीत वॉचमनमामांचा दोन दिवसांचा पगार कापायचं ठरलं, तेव्हा मीही हात वर केला होता. तो निर्णय चुकीचा होता अशी आता माझी खात्री झाली आहे. का झाली, ते पुराव्यासकट सांगते.

आपल्याला ए विंगमधल्या मुलाची गिअरची सायकल गेली त्या रात्रीची चाळीस सेकंदांची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवली गेली. एक माणूस सायकल हातात धरून शांतपणे गेटबाहेर पडतो, मामांची खुर्ची रिकामी, आणि चित्राच्या कोपऱ्यात वेळ रात्री १:१२. मामा म्हणत होते, एक वाजता मी खुर्चीतच होतो, फक्त टँकर आला तेव्हा मागे गेलो. टँकर तर साडेदहाला आला होता, हे आपल्या सगळ्यांना माहीत. म्हणून मामा खोटं बोलतात, झोपले होते, असं आपण धरून चाललो. मामा अक्कलकोटच्या पलीकडचे, घरची भाषा कन्नड. चारचौघांत मराठीत भांडणं त्यांना जमलं नाही. ते नुसते ‘नाही हो ताई’ म्हणत माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं माझ्या डोक्यातून जाईना.

गुरुवारी, ३० तारखेला संध्याकाळी, सेक्रेटरीसाहेबांच्या परवानगीने आणि त्यांच्या समोरच मी ऑफिसमधल्या रेकॉर्डरला, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीला, लॅपटॉप जोडला. सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे वायरी आणि सेटिंग यांची मला भीती वाटत नाही. चोरीच्या क्लिपच्या थोडं मागे गेले. पाण्याचा टँकर गेटमधून आत येताना दिसला, आणि कोपऱ्यात वेळ होती १:०५. तोच टँकर १:२८ ला बाहेर पडतो. त्या रात्री दुसरा टँकर आलाच नव्हता. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना टँकर कधी आला हे आपल्याकडे कुणी विसरत नाही! मी खजिनदारांना त्यांचा मोबाइल बघायला सांगितलं. टँकरवाल्याला यूपीआयने पैसे गेले ती वेळ १०:५८. रजिस्टरमध्ये मामांच्याच अक्षरात टँकर आत आल्याची नोंद १०:३५. म्हणजे आपला कॅमेरा बरोबर अडीच तास पुढे आहे. सायकल गेली ती १०:४२ ला, आणि तेव्हा मामा इमारतीच्या मागे टँकरचा पाइप टाकीत धरून उभे होते. आपणच सोपवलेलं काम करत होते.

अडीच तासांचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बीजिंगचा आहे, जीएमटी (ग्रिनिचची प्रमाणवेळ) अधिक आठ तास. आपली वेळ जीएमटी अधिक साडेपाच. चीनमध्ये बनलेल्या बऱ्याच यंत्रांत कारखान्यातून तसाच टाइम झोन येतो, आणि बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी तो बदलायचा असतो. आपल्याकडे कॅमेरे लावून गेलेल्या माणसाने चित्र येतं एवढं दाखवलं, सही घेतली आणि गेला. आपणही विचारलं नाही.

मी एकही सेटिंग बदललेलं नाही, हे मुद्दाम लिहिते. फक्त पानांचे फोटो काढले आणि १०:३० ते ११ या खऱ्या वेळेतलं चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. ते तातडीने करावं लागलं, कारण तिथे दुसरी काळजीची गोष्ट दिसली. आपले आठ कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने लिहितात. हिशेब केला तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी, आठांचे साधारण ३४६ जीबी. डिस्क दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबीची. म्हणजे सहा दिवसही धड भरत नाहीत आणि जुनं पुसून त्यावर नवं चढतं. मी शनिवारी बघायला गेले असते तर मामांच्या बाजूचा एकमेव पुरावा पुसला गेला असता.

समितीपुढे आणखी चार कॅमेऱ्यांचं कोटेशन आहे असं ऐकते. ते तूर्त बाजूला ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आहेत ते आठ आधी नीट लावून घेऊ. नेटवर्क कॅमेरा हा एक छोटा संगणकच असतो. त्याच्या पोटात स्वतःचं वेबपान असतं. त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकला, १९२.१६८ ने सुरू होणारा, की लॉगिन येतं आणि आत वेळ, चित्र, रेकॉर्डिंग, नेटवर्क, युजर अशी वेगवेगळी पानं उघडतात. बसवणं म्हणजे भिंतीला भोक पाडणं एवढंच नव्हे, खरं काम या पानांवर असतं. ते आपल्याकडे कुणी केलेलंच नाही.

आता वेळेचं काम. टाइम झोन आपला करायचा, आणि एनटीपी नावाची सोय चालू करायची, म्हणजे यंत्र इंटरनेटवरून स्वतःच घड्याळ जुळवत राहतं. आपली प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर त्यासाठी उपलब्ध आहे. पण रेकॉर्डर दुरुस्त केला की सगळं झालं असं समजू नये. पार्किंगचा आणि गच्चीचा कॅमेरा नंतर घेतलेले, वेगळ्या बनावटीचे. रेकॉर्डरने दिलेली वेळ ते घेत नाहीत. लाइट गेली की त्यांचं घड्याळ १ जानेवारी १९७० वर जातं, कारण बहुतेक संगणकी घड्याळं त्याच दिवसापासून मोजतात. आता पार्किंगच्या चित्रात तेच साल दिसतंय. त्या दोघांची पानं स्वतंत्र उघडून एनटीपी चालू करावं लागेल. आणि बदल करण्याआधी, जुनं चित्रण अडीच तास पुढे होतं अशी नोंद समितीच्या वहीत तारखेसह व्हावी. सायकलवाल्या कुटुंबाने उद्या पोलिसांत क्लिप द्यायची म्हटलं तर ही नोंद लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यावर समितीतल्या कुणाची तरी सही असणार. वेळ चुकलेल्या चित्रणावर सही कोण करील?

डिस्कचा प्रश्न बराचसा सेटिंगनेच सुटतो. सध्या एच.२६४ या चित्रण दाबून लहान करण्याच्या पद्धतीने साठवण होते. त्याहून कमी जागा घेणारी एच.२६५ पद्धत आपले सगळे कॅमेरे वापरू शकतात, मी पानावर पाहिलं. ते निवडून वेग दोन मेगाबिटवर आणला तर चित्रात डोळ्याला फारसा फरक न पडता जागा निम्मी लागेल, म्हणजे साडेअकरा दिवस. पैसे खर्चायचेच असतील तर चार टीबीची डिस्क घ्या, तेवीस दिवस होतील. मला तो खर्च चार नव्या कॅमेऱ्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

गेटच्या कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. संध्याकाळी पाच ते सात ऊन समोरून येतं आणि आत येणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो. चित्राच्या पानावर डब्ल्यूडीआर नावाचं बटण आहे, उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारं. ते बंद आहे. जिन्यातल्या चित्रात पट्टे सरकतात, तो दोष ट्यूबलाइटचा नाही. तिथल्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता ६० हर्ट्झ निवडलीय, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. या दोन्ही गोष्टींना मिळून पाच मिनिटं लागतील.

रात्रीच्या हालचालीच्या सूचनांबद्दल सेक्रेटरीसाहेबांची तक्रार रास्त आहे, रात्रभर मोबाइल वाजतो. याला अर्धं कारण कोळी आहेत. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि काचेसमोरचं जाळं वाऱ्याने हललं की कॅमेऱ्याला माणूस आल्यासारखं वाटतं. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडलं की पुरे. बाकीचं कारण कंपाउंडचं कडुलिंबाचं झाड. सूचनेच्या पानावर चौकोन काढून झाड वगळता येतं, आणि फक्त फाटक व पायवाट ठेवता येते.

आता ज्या गोष्टीचा मला राग आला ती. सहा नंबरचा कॅमेरा पॅसेजसाठी आहे, पण तो तळमजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या खिडकीत बघतो. काकूंनी कधी तक्रार केली नाही. त्या खिडकी बंद ठेवतात. पारा चाळिशीच्या वर असताना, मे महिन्यात, सोलापुरात! मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘कोण बघतंय कुणाला माहीत.’ कॅमेरा थोडा खाली वळवणं हा पहिला उपाय. तरी खिडकी चित्रात राहिली तर प्रायव्हसी मास्क नावाची सोय आहे. तेवढा भाग काळा होतो आणि रेकॉर्डही होत नाही. मात्र तो मास्क कॅमेऱ्याच्याच पानावर लावायला हवा, नुसत्या मोबाइल अ‍ॅपवर झाकून उपयोग नाही. हे काम बाकी सगळ्याच्या आधी व्हावं.

कोण बघतंय, हा काकूंचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर आज आपल्याकडे नाही. कॅमेऱ्यांचा पासवर्ड एक ते सहा आकडे ओळीने, असा आहे. तो बसवणाऱ्या माणसाला, जुन्या सेक्रेटरींना आणि आजच्या समितीतल्या तिघांना माहीत आहे. शिवाय बाहेरून चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये थेट वाट उघडून ठेवलेली आहे. असे उघडे कॅमेरे शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी वापरून जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातलं तपासणीच्या खोलीतलं चित्रण इंटरनेटवर विकलं गेल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीत उघडकीला आलं. त्या बायकांचा काय दोष होता? काकूंच्या खिडकीचं चित्रण आपण त्याच भरवशावर ठेवलंय.

म्हणून राउटरमधली ती वाट आणि यूपीएनपी (यंत्रांना अशी वाट आपोआप उघडू देणारी सोय) दोन्ही बंद करावं, आणि कॅमेऱ्यांचं फर्मवेअर, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच अद्ययावत करावं. अ‍ॅडमिनचा लांब, नवा पासवर्ड बंद पाकिटात तुमच्याकडे एक आणि सेक्रेटरींकडे एक असा ठेवावा. मोबाइल अ‍ॅपची मालकी आज बसवणाऱ्याच्या नंबरवर आहे, ती सोसायटीच्या नंबरवर करून घ्यावी. मामांसाठी फक्त थेट चित्र दिसेल असा वेगळा युजर करावा. त्यांना रात्री स्क्रीनवर मागची बाजूही दिसेल, आणि टँकरच्या वेळी गेट सोडून जायचं असलं तर कुणाला फोन करायचा हेही एकदा ठरवून द्यावं. टँकर आला की एकट्या माणसाने टाकी आणि गेट दोन्ही सांभाळायचं, ही अपेक्षा आपणच ठेवली होती.

येत्या रविवारी सकाळी दोन-तीन तास ऑफिस उघडं मिळालं तर हे सगळं मी करून देईन. मोबदला नको. समितीतला एक जण आणि एखादा तरुण मुलगा सोबत बसावा, म्हणजे प्रत्येक पानावर काय बदललं ते वहीत लिहिलं जाईल आणि पुढे माझ्यावाचून अडणार नाही.

त्याआधी मात्र मामांचं. कापलेला दोन दिवसांचा पगार या महिन्याच्या पगारासोबत परत द्यावा आणि महिनाअखेरीस त्यांना काढण्याचा विचार मागे घ्यावा. ज्या बैठकीत, ज्या लोकांसमोर आपण त्यांना खोटं ठरवलं, तशाच बैठकीत हे पत्र वाचून दाखवावं. मामांना समोर बसवावं, आणि बी विंगमधल्या ताईंना कन्नड येतं, त्यांनी ते मामांना समजावून सांगावं. माझी माफी मी तेव्हा स्वतः मागेन.

सोबत : चित्रणाचा पेन ड्राइव्ह, सेटिंगच्या पानांचे फोटो, रजिस्टरच्या पानाची प्रत. यूपीआयची नोंद खजिनदारांच्या मोबाइलवर आहे, ती त्यांनी बैठकीत दाखवायचं कबूल केलं आहे.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. बी-२०३