एकवीस दिवसांचं ते इंजेक्शन गावात मिळू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मुलांचा हृदयविकार म्हटलं की सगळे हृदयाला जन्मापासून छिद्र एवढंच धरून चालतात, त्यासाठी शिबिरं होतात, ऑपरेशनं होतात आणि ते चांगलंच आहे. पण जन्मताना ठणठणीत असलेल्या पोराचं हृदय शाळेच्या वयात घशाच्या इन्फेक्शनमुळे खराब होऊ शकतं हे कितीतरी आईबापांना माहीतच नाही. रुमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात त्याला.

स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरतो, ताप येतो, चार दिवसांत पोर खेळायला लागतं, घरचे विसरतात. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप, गुडघा सुजतो, तो उतरतोय तोच घोटा नाहीतर कोपर, आणि घरात म्हणतात वाढीचं दुखणं आहे, तेल चोळा. सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपा सुजलेल्या असतात आणि असा ताप परत परत आला की त्या आणखी खराब होतात. पाच ते पंधरा वर्षांची मुलं यात जास्त सापडतात. दुखणारा प्रत्येक घसा असा नसतो, बहुतेक व्हायरलच असतात, पण डॉक्टरांनी दहा दिवसांची गोळी दिली तर ती तिसऱ्या दिवशी बंद करू नका एवढं तरी करा.

श्रीमंत देशांत हा आजार जवळपास गेला. भारतात, आफ्रिकेत, पॅसिफिकच्या बेटांवर अजून आहे, कारण एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात आणि दवाखाना लांब असतो. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्या बघा, आश्रमशाळांची वसतिगृहं बघा. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने यावर ठराव केला, पण आमच्या पेठ-सुरगाण्यात काय बदललं?

एकदा हा ताप येऊन गेला की तो परत येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं एक जुनं, स्वस्त इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी घ्यायचं असतं, तेही वर्षानुवर्षं, झडप खराब असेल तर पंचविशीपर्यंत किंवा त्याहून पुढे. दुखतं खूप, मुलं रडतात. मी शिक्षिका आहे, माझ्या वर्गातल्या एका मुलीचं हे इंजेक्शन सुरू होतं. द्राक्षाची छाटणी आली, आईवडील टोळीबरोबर दिंडोरीकडे गेले, तिलाही नेलं. तिथे एका डॉक्टरांनी रिअ‍ॅक्शनच्या भीतीने नाही म्हटलं, दुसरीकडे स्टॉक नव्हता, मग तारखा चुकल्या त्या चुकल्याच, पुन्हा ताप आला आणि आता तिला जिना चढताना धाप लागते. मला याचा फार राग येतो, कारण ऑपरेशन योजनेत बसतं पण ते टाळणारं इंजेक्शन गावात मिळत नाही!

मुलींचं तर अजून अवघड. लग्न लवकर, आणि गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलं की अरुंद झालेल्या झडपेला झेपत नाही, सातव्या महिन्यात दम लागला की तेव्हा कुठे कळतं.

माझं मागणं एवढंच की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर लागणारं अ‍ॅड्रेनालीन कायम असावं, आणि मुलाच्या हातात असं कार्ड द्यावं की सुरगाण्याचं पोर निफाडलाही ते दाखवून डोस घेऊ शकेल. झडप फारच खराब असलेल्यांना मात्र हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा तपासणी होते, त्या यादीत हा आजार आहेच, पण नुसत्या स्टेथोस्कोपने सुरुवातीच्या कितीतरी केसेस नजरेतून सुटतात, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर सापडतात. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, त्यांनी आश्रमशाळांपासून सुरुवात करावी.

आणि ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांनी, तारीख चुकली असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच जाऊन इंजेक्शन घ्या.

आपली,
एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक