गोलकीपरची बॅग आणि बंद पडलेली सवलत

महोदय,

‘गोलकीपरची बॅग गायब, मुलांनीच लावला छडा’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. मिरजेला गाडी बदलताना बॅग गेली कुठे, हे कोडे कोल्हापूरच्या हॉकीपटूंनी बदली आलेल्या पिशवीतल्या झांजांवरून सोडवले आणि थेट बँडपथकाला गाठले, हे वाचून हसू आले. पोरे हुशार, कौतुक आहेच. पण बातमीत ओझरते आलेले एक वाक्य खटकले : संघ जनरल डब्यातून, दोन ठिकाणी विभागून निघाला होता. 18 जण, प्रत्येकाच्या स्टिक्स, वर गोलकीपरचे पॅड, किकर, हेल्मेट. एवढे सामान त्या गर्दीत सांभाळणार कोण?

स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना पूर्वी रेल्वेभाड्यात सवलत होती. कोरोनाकाळात, मार्च 2020 मध्ये ती बंद झाली. विद्यार्थी, दिव्यांग आणि काही आजारांचे रुग्ण यांची तेवढी राहिली. मेजर ध्यानचंदांच्या नावाचे हॉकी स्टेडियम मिरवणाऱ्या आपल्या शहरात फुटबॉलला वर्गणी देणारे पुष्कळ. हॉकीच्या पोरांचे तिकीट मात्र बहुधा घरच्यांच्याच खिशातून निघते. खेळाडूंची सवलत पुन्हा सुरू करण्याची मागणी आपल्या खासदारांनी संसदेत लावून धरावी.

– एक माजी हॉकीपटू, कोल्हापूर