चुकांची वही आधी, नवा पेपर नंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आयईएलटीएसच्या, म्हणजे त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, सरावाचे मार्क पाठवलेस, ते नीट पाहिले. रोज एक पेपर सोडवतेस आणि तरी लिसनिंग, रीडिंग दोन्ही 26-27 वर अडलंय. 40 पैकी 23 बरोबर म्हणजे साधारण सहाचा बँड, म्हणजे श्रेणी, 30 म्हणजे सात, 35 म्हणजे आठ. तुला सात हवाय, म्हणजे दोन्हींत तीन-चारच उत्तरं वाढायला हवीत. पण रोज वजनकाट्यावर उभं राहिल्याने वजन उतरत नाही, तसंच हे आहे. पूर्ण पेपर आठवड्यातून एकच सोडव, घड्याळ लावून, मध्ये न थांबता. बाकीचे दिवस त्याच पेपरची चिरफाड कर.

लिसनिंगपासून सुरुवात करू, कारण तिथे रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. चुकलेल्या उत्तराची जागा शोध आणि त्याच्या आजूबाजूचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग निवड. आधी लेखी संवाद न बघता सलग ऐक. मग एकेक वाक्य थांबवून चुकांच्या वहीत जसंच्या तसं लिहून काढ. एक वाक्य तीनदाच ऐकायचं, चौथ्यांदा नाही. आलं नाही तर जागा मोकळी सोड. मग छापील संवाद काढून लाल पेनने तपास. प्रत्येक चुकीपुढे कारण लिही: शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण कानाला ओळखला नाही, की ओळखला पण लिहिताना चुकला. तुझ्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारच्या निघतील असं मला वाटतं. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा ऐकू येईल असं धरून चालतो. बोलणारा मात्र 'अ‍ॅन अवर' जोडून 'अनावर' म्हणतो, 'शुड हॅव'चं 'शुडव' करतो, 'नेक्स्ट स्टॉप'मधला पहिला ट गिळतो. तपासून झालं की तेच मिनिट त्याच्याबरोबर, त्याच वेगाने मोठ्याने म्हण. जीभ वळली की कान आपोआप पकडतो.

'थर्टीन' आणि 'थर्टी'चा घोळ तुझ्या दोन्ही पेपरांत दिसला. शेवटचा न ऐकू येईल या भरवशावर राहू नकोस, जोर कुठे पडतो ते ऐक. तेरामध्ये साधारणपणे शेवटच्या भागावर, तीसमध्ये पहिल्या. स्पेलिंग सांगतात तेव्हा ऑस्ट्रेलियन माणसाचा 'ए' आपल्या कानाला 'आय'सारखा लागतो. फोन नंबरात शून्याला 'ओ' म्हणतात, 44 ला 'डबल फोर'. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन असे सगळे उच्चार येतात. म्हणून रोज पंधरा मिनिटं बीबीसी आणि ऑस्ट्रेलियाचा एबीसी रेडिओ आलटून पालटून लाव.

लिसनिंगच्या चार भागांपैकी पहिल्यातला सापळा ठरलेला असतो. बाई म्हणते, 'लेट्स से ट्यूजडे,' तू लिहून मोकळी होतेस, आणि पुढच्याच श्वासात ती म्हणते, 'अ‍ॅक्च्युअली, नो, आय ॲम वर्किंग दॅट डे, कुड वी डू थर्सडे?' उत्तर थर्सडे. 'अ‍ॅक्च्युअली', 'सॉरी', 'ऑर रादर', 'बट' हे शब्द आले की पेन थांबवायचं नाही, कान अधिक टवकारायचे. समोरचा होकार देईपर्यंत उत्तर पक्कं धरू नकोस.

प्रश्न वाचायला मिळतात त्या सेकंदांत रिकाम्या जागेच्या अलीकडचा शब्द बघ. 'अ' किंवा 'अ‍ॅन' असेल तर एकवचन. काहीच नसेल आणि वस्तू मोजता येणारी असेल तर बहुधा शेवटी एस लागणार. तो एस आपल्या कानातून हमखास निसटतो आणि तो नसला की उत्तर पूर्ण चूक, अर्धा मार्क वगैरे काही नसतो. स्पेलिंगचंही तेच, ब्रिटिश किंवा अमेरिकन कुठलंही चालतं, चुकलेलं नाही. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलेलं असेल तर 'द' धरून तीन शब्द झाले तरी उत्तर गेलं. तू कॉम्प्युटरवरची परीक्षा निवडलीस, म्हणून शेवटी उत्तरं तपासायला फक्त दोन मिनिटं मिळतील; उत्तरं उतरवायला दहा मिनिटं कागदी परीक्षेत असतात. सरावही दोनचाच कर. चौथ्या भागात मध्ये विश्रांती नसते, तिथे दहाही प्रश्न आधीच वाचून ठेव. एक उत्तर हुकलं तर हुकू दे. त्याच्यामागे धावलीस की पुढची दोन जातात.

रीडिंगमध्ये 60 मिनिटांत तीन उतारे आणि 40 प्रश्न, जादा वेळ एक मिनिटही नाही. तिसरा उतारा बहुधा सर्वांत कठीण, म्हणून सरसकट वीस-वीस मिनिटांऐवजी 17, 20, 23 अशी वाटणी कर. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही जागा रिकामी सोडायची नाही.

तुझी खरी गळती 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'मध्ये आहे, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या उलट आहे की उताऱ्यात नाहीच, हे ठरवायच्या प्रश्नांत. समज, उताऱ्यात असं आहे: '1990 नंतर शहरातल्या बऱ्याच शाळांनी आपल्या बागा बंद केल्या, तरी काहींनी त्या चालू ठेवल्या.' विधान आलं, 'शहरातल्या सगळ्या शाळांनी बागा बंद केल्या.' हे फॉल्स, कारण उताराच ते खोडतो. दुसरं विधान, 'जागा कमी पडल्याने शाळांनी बागा बंद केल्या.' हे नॉट गिव्हन. कारण पटण्यासारखं आहे, पण उताऱ्यात ते कुठेच नाही. तू तिथे ट्रू लिहितेस, कारण तुझ्या मनाने ते भरून काढलेलं असतं. फॉल्स लिहायचं असेल तर विधान खोडणारे शब्द उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत. ते सापडेनात तर नॉट गिव्हन, आणि पुढे जा. या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात, त्यामुळे शोधायची जागा आपोआप आखली जाते. परिच्छेदांना मथळे जोडायच्या प्रश्नात तसा क्रम नसतो. तिथे फक्त पहिलं वाक्य वाचून मथळा लावू नकोस, 'हाउएव्हर'नंतर परिच्छेद बऱ्याचदा उलटा वळतो.

प्रत्येक शब्दाचा मनात मराठी अर्थ लावत वाचतेस, तेही सोड. शब्द अडला तर पूर्ण वाक्य वाच, प्रश्नाला त्या शब्दाची गरज नसेल तर ओलांड. डिक्शनरी पेपर संपल्यावर.

वहीत दोन रकाने आख: डावीकडे प्रश्नातला शब्द, उजवीकडे त्याच अर्थाचा उताऱ्यातला शब्दप्रयोग. प्रश्नात 'चीप', उताऱ्यात 'अफोर्डेबल'. प्रश्नात 'चिल्ड्रन', उताऱ्यात 'दोज अंडर ट्वेल्व्ह'. परीक्षा याच जोड्यांवर चालते, आणि पाठ केलेल्या शब्दयाद्यांपेक्षा या जोड्या कितीतरी जास्त कामाला येतात. पहिले पंधरा दिवस एकेक उतारा घड्याळ न लावता सोडव, बरोबर उत्तराचाही पुरावा अधोरेखित कर. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर चुकांतच धर. वेग त्यानंतर वाढव.

येत्या रविवारी मार्क नको कळवूस. वहीच्या त्या पानांचा फोटो पाठव, लाल शाईसकट.

तुझी,
आई