रक्षा झाडाला घालताना मापही हवे

संपादक महोदय,

रक्षाविसर्जन नदीत न करता शेतात किंवा झाडाच्या खड्ड्यात केल्याच्या बातम्या सातारा-सांगलीच्या पानांवर आता वरचेवर येतात. निर्णय चांगलाच. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी जाऊन पाहावे, तर बरेचदा आळे असते, आधाराची काठी असते आणि रोप तेवढे नसते. घरच्यांच्या मनाला ते लागते. कोणी अपशकुनही म्हणते. कारण अगदी साधे असते: खड्ड्यात रक्षा फार पडली.

चितेत उरते काय आणि किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मोठ्या माणसाच्या जळलेल्या अस्थी दोन ते तीन किलो भरतात. बाकीची राख सरणाची. साडेतीनशे-चारशे किलो वाळके लाकूड लागले, तर शंभराला एक ते तीन या हिशेबाने चार ते बारा किलो राख होते. शेणींचे गणित निराळे. शेणात माती-वाळूचा अंश असतो, त्यामुळे वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक राख मागे राहते. दोनशे किलो शेणी लावल्या की चाळीस ते साठ किलो. म्हणजे घमेल्या-घमेल्याने आपण नदीत किंवा खड्ड्यात ओततो, त्यातला फार मोठा वाटा सरणाचा असतो, माणसाचा नव्हे. गॅसदाहिनीत किंवा विद्युतदाहिनीत फक्त अस्थी हाती येतात, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

सरणाच्या राखेत चुना आणि पोटॅशचे क्षार असतात. भिजली की तिचे पाणी हाताला झोंबते, सामू (आम्ल-विम्लता मोजणारा आकडा, पीएच; सात म्हणजे मध्यम) दहाच्याही वर जातो. दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात पाटीभर राख टाकून त्यावर कोवळे रोप ठेवले, तर आठवडाभरात पानांच्या कडा करपतात आणि मुळांची टोके काळी पडतात. अस्थींचे तसे नाही. त्या मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट; पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आम्ल जमिनीत सावकाश झिजतात, चुनखडीच्या जमिनीत वर्षानुवर्षे तशाच राहतात. म्हणून पहिले काम म्हणजे सावडताना अस्थी आणि राख वेगळी करणे. अस्थी मडक्यात, राख झाकणाच्या कोरड्या पिंपात.

आता जमीन. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरपट्ट्यात तांबडी, जांभ्याची, आम्ल माती आहे. तिला राख मानवते. मिरज, पलूस, वाळव्याच्या काळ्या रानात सामू आधीच आठच्या आसपास, आणि अतिपाण्याने चोपण झालेल्या क्षारपड पट्ट्यांत त्याहून वर. तिथे राख घालणे म्हणजे खारट आमटीत मीठ घालणे. वडिलांची रक्षा त्यांच्याच उसाच्या रानात, ही भावना समजते. रान चोपण असेल तर तिथे मूठभर अस्थी पुरून ठेवाव्यात आणि सरणाची राख माळाच्या तांबड्या किंवा मुरमाड जमिनीवर पसरावी.

प्रमाण असे धरावे. राख चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे पन्नास किलोला साधारण एक गुंठा. ती विस्कटून कुळवाने किंवा कुदळीने वरच्या चार-सहा इंचांत मिसळायची. ढीग ठेवायचा नाही. झाडाचा खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा. तळाशी अस्थी, त्यावर फूटभर माती, मग वरची माती आणि दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत. या खड्ड्यात राख घालायचीच असेल तर अर्ध्या किलोच्या वर नाही, आणि तीही सगळ्या मातीत कालवून. ताजे शेण किंवा युरिया राखेबरोबर घालू नये. नत्र अमोनियाच्या वायूने उडून जाते आणि मुळांना चटका बसतो तो वेगळाच. खड्डा भरून पावसाची दोन-तीन चांगली पाणी बसू द्यावीत, नंतरच रोप लावावे. तिसऱ्या दिवशी रक्षा आणि त्याच दिवशी वृक्षारोपण, हा जो आग्रह असतो, तोच रोपाच्या मुळावर येतो. तिसऱ्याला अस्थी पुरा, रोप जूनच्या अखेरीस लावा. काळ्या जमिनीत करंज, कडुनिंब, चिंच. तांबड्या जमिनीत जांभूळ, हिरडा, फणस. वड-पिंपळ लावायचा तर स्मशानशेडपासून दूर, नाहीतर काही वर्षांत मुळ्या पाया उचलतात.

काही खबरदारी सावडतानाच घ्यावी लागते. शेणीचा विस्तव राखेखाली तिसऱ्या दिवशीही धुमसत असतो. वरून पाणी-दूध शिंपडले तरी खालचा थर तापलेला राहतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला की पिशवी वितळून पायावर येते. पत्र्याचे घमेले वापरावे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर धातूचा सांधा, मांडीतली सळई, स्क्रू राखेत सापडतात. हे धातू बहुधा लोहचुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चाळणीच लागते. पेसमेकर तर अंत्यविधीआधीच डॉक्टरांकडून काढून घ्यावा, उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. पावसाळ्यात ओले सरण पेटेना म्हणून जुने टायर टाकतात. ती राख कुठल्याच झाडाला घालू नये. तिच्यात जस्त आणि तारांचे तुकडे असतात. टायर नकोत तर वाळके लाकूड साठवायला छपराची कोठी हवी. सरण जमिनीवर न रचता लोखंडी दाहिनीत जाळीवर रचले, तर खालून हवा खेळते आणि लाकूड बरेच कमी लागते.

‘अस्थी वाहत्या पाण्यातच गेल्या पाहिजेत’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांना आश्वलायन गृह्यसूत्र दाखवावे. अस्थिसंचय पायांपासून सुरू करून डोक्याशी संपवावा, आणि कुंभ अशा खड्ड्यात ठेवावा जिथे पावसाखेरीज दुसरे पाणी चहूकडून वाहून येत नाही, असे त्यात सांगितले आहे. त्या वेळी म्हणायची ऋचा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली, ‘उप सर्प मातरं भूमिम्’. म्हणजे भूमीत अस्थी ठेवणे ही कालपरवा कोणा सुधारकाने काढलेली टूम नाही. ज्यांना संगमच हवा त्यांनी माहुलीला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर किंवा हरिपूरला जावे, पण चिमूटभर अस्थी घेऊन. हार, कपडे, फोटोची चौकट, प्लॅस्टिक काठावरच ठेवावे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात; उन्हाळ्यात प्रवाह मंद असताना टाकलेले तिथेच बसते. नदीचे खरे दुखणे सांगलीच्या शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याचे आहे, रक्षेचे नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी नाला बंद करणे आपल्या हातात नसते, घमेले रिते करणे असते.

निसर्गरम्य जागेचा हट्ट आता वाढतो आहे. ‘त्यांना कास फार आवडायचे’ म्हणून पठारावर रक्षा उधळतात. हे करू नये. कासला जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा, आम्ल आणि निकस. दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती तिथे किडे खाऊन जगतात त्या जमिनीत पोषण नाही म्हणूनच. राखेने चुना आणि पोटॅश दिले की गवत-तण माजते आणि नाजूक फुले मागे पडतात. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे, आणि शेजारचा तलाव सातारकरांच्या पिण्याचा. कोयना अभयारण्य, सागरेश्वर, धरणांचे जलाशय यांनाही हेच लागू. आवडत्या जागेची ओंजळभर माती आणून आपल्या गावातल्या झाडाला घातली तर भावना राहते आणि पठारही राहते.

दफन करणाऱ्या समाजांचा विचार रक्षा आणि झाडांच्या या चर्चेत नेहमी मागे पडतो. सांगली, मिरज, जत भागात लिंगायत समाज मोठा आहे. त्यांच्याकडे देह बसवून, हातात इष्टलिंग ठेवून, विभूती-बिल्वपत्रांसह समाधी देतात, आणि खड्ड्यात मीठ घालण्याचीही पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या मिठामुळे बरोबर समाधीवर लावलेले झाड जगत नाही. पाच-सहा फूट बाजूला लावावे. दफनभूमी कोणाचीही असो, खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत किमान एक मीटर कोरडी माती हवी. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी इतके वर येते की हे अंतर राहत नाही. काळी माती फुगते, आकसते, म्हणून पहिल्या पावसात कबरीची वरची माती खचते. दफनावेळी फूटभर उंच भर द्यावी आणि वर्षभर पक्के बांधकाम करू नये. जागा निवडताना आधी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये विहिरीतली पातळी मोजावी.

गावाने रक्षेची झाडे एकत्र लावायला स्मृतिवन करायचे, तर त्याच्या जागेचेही तसेच. काठावर, घाटाला लागून जागा मिळते म्हणून घेऊ नये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूररेषेत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. वन लाल रेषेच्या वर असावे, पाटबंधारे खात्याचा नकाशा पाहूनच. मोठमोठ्यांच्या समाध्यांनाही नदी सोडत नाही: थोरले शाहू महाराज, महाराणी ताराबाई यांच्या समाध्या संगम माहुलीला आहेत, शाहूंच्या खंड्या कुत्र्याचीही आहे, आणि पुरांचा गाळ सगळ्यांच्याच वाट्याला आला.

शेतात सिमेंटचा चौथरा बांधण्याची रीत मला पटत नाही. दोन पिढ्यांत वाटण्या होतात, चौथरा नेमका बांधावर येतो, आणि रान विकताना व्यवहार अडतो. आपल्या गावांत वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, परंपरा आहेच. त्याच धर्तीवर स्मृतिवनात काळ्या दगडाची एकच शिळा उभी करावी आणि तिच्यावर नावे कोरावीत. झाडांना पाट्या खिळ्यांनी ठोकू नयेत. क्रमांकाचा दगड बुंध्यापाशी पुरावा आणि वहीत नोंद ठेवावी. झाड गेले तर त्याच क्रमांकावर दुसरे लावता येते, घरच्यांना वाईट वाटत नाही.

शहरांत दहन-दफनभूमी हे पालिकेचेच काम आहे, घटनेच्या बाराव्या अनुसूचीत तसे नमूद आहे. खेड्यांत स्मशानशेडसाठी जनसुविधा योजनेचा निधी मिळतो, पण अंदाजपत्रकात शेड, फरशी आणि कमान एवढेच असते. त्यात पत्र्याची चार झाकणाची पिंपे, दोन चाळण्या, सरणाची छपराची कोठी आणि दोन-तीन गुंठे कुंपण घातलेली जागा एवढे वाढवावे. कमानीचा खर्च वगळला तरी यातले बरेचसे भागेल. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा, झाडाला वीस-वीस लिटर पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरवावे; वने मरतात ती बहुतेक इथेच. १ मेच्या ग्रामसभेत ठराव झाला, तर खड्डे मे महिन्यात उन्हात तापतात आणि जूनच्या पावसाला तयार असतात. १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत विषय लांबला की हंगाम गेला, आणि त्या वर्षीची रक्षा पुन्हा घमेल्याने नदीत.

– एक वाचक, पलूस, जि. सांगली